सालबाईच्या तहांतील ‘पूर्वीप्रमाणें’: एक परीक्षण

सालबाईचा तह इसवी सन १७८२ च्या मे महिन्याच्या १७ व्या तारखेस झाला. ग्वाल्हेरच्या दक्षिणेस असलेल्या सालबाई या लहानशा गांवीं पेशव्यांच्या वतीनें महादजी शिंदे आणि कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याच्या वतीनें डेव्हिड अँडरसन या दोघांनीं सतरा कलमें ठरविलीं आणि सात वर्षें रेंगाळलेलें पहिलें इंग्रज-मराठे युद्ध मिटलें. हेस्टिंग्जनें ६ जून १७८२ रोजीं तहास मान्यता दिली; नाना फडणिसांनीं ती २० डिसेंबर १७८२ पर्यंत दिली नाहीं; आणि उभयपक्षीं मान्य झालेल्या प्रतींची अदलाबदल २४ फेब्रुवारी १७८३ रोजीं झाली. इतक्या गोष्टी सर्वश्रुत आहेत.

या तहाचें मोल ठरवितांना आमच्याकडे दोन पक्ष पडतात. पहिला पक्ष म्हणतो कीं, वसई परत आली, गुजराथेंतील मुलूख परत आला, राघोबादादांचा पाठिंबा इंग्रजांनीं सोडला, तेव्हां हा तह म्हणजे मराठी मुत्सद्देगिरीचा विजय होय. दुसरा पक्ष म्हणतो कीं, साष्टी गेली ती गेलीच, हैदराची साथ सुटली, इंग्रजांस पुढील वीस वर्षें विसांवा मिळाला, तेव्हां हा तह म्हणजे अपकर्षाची पहिली पायरी होय. दोन्ही पक्षांच्या लेखनामागें पुष्कळ परिश्रम आहेत आणि त्यांविषयीं आम्हांस आदर आहे. परंतु दोघांच्याही हातांतलें माप एकच आहे. कोणता किल्ला कोणाकडे राहिला आणि किती लाखांचा मुलूख कोणी सोडला, एवढ्यावरच दोघेही तहाची किंमत करतात. त्याच तहांत व्यापाराचीं व जलमार्गाचीं कलमें आहेत. तीं किरकोळ समजून एका ओळींत आटपण्याची चाल पडून गेली आहे.

आमचें म्हणणें असें आहे कीं, सालबाईच्या तहाचा खरा निर्णय त्या किरकोळ मानलेल्या कलमांवरून करावयास हवा. मुलुखाच्या कलमांत पुणें दरबारानें पुष्कळ मिळविलें. व्यापाराच्या कलमांत त्याहून मोठें असें कांहीं सोडलें. आणि जें सोडलें तें त्या दिवशीं कोणत्याही जमाबंदींत दिसण्यासारखें नव्हतें. हें म्हणणें कलमें पुढें ठेवूनच तपासलें पाहिजे.

(१)

प्रथम मुलुखाचीं कलमें घेऊं. युद्धाचें मूळ साष्टी बेटांत होतें. १७७४ च्या डिसेंबरांत मुंबईकर इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला सर केला आणि साष्टी बळकावली. पुढील मार्चांत सुरतेच्या तहानें राघोबादादांनीं साष्टी व वसई त्यांस लिहून दिली. कलकत्त्याच्या कौन्सिलास तो तह मान्य नव्हता. म्हणून कर्नल अप्टन पुरंदरास येऊन १ मार्च १७७६ रोजीं दुसरा तह करून गेला. या पुरंदरच्या तहानें साष्टी इंग्रजांकडे राहिली, आणि भडोच, त्याच्या आसपासचा तीन लाखांचा मुलूख व युद्धखर्चाचे बारा लाख रुपये त्यांस मिळावयाचे ठरलें. १७७९ च्या जानेवारींत वडगांव येथें मुंबईकरांचें सैन्य कोंडलें गेलें, तेव्हां १७७३ नंतर घेतलेला सर्व मुलूख परत करण्याचें त्यांनीं लिहून दिलें. परंतु हा करार मुंबई व कलकत्ता या दोन्ही ठिकाणीं झिडकारला गेला. मग गॉडर्डनें १५ फेब्रुवारी १७८० रोजीं अहमदाबाद व त्याच वर्षाच्या ११ डिसेंबरास वसई घेतली. मधल्या ऑगस्टांत पॉपहॅमनें ग्वाल्हेरचा किल्ला घेतला.

सालबाईस या सर्व गुंत्याचा निकाल पुढीलप्रमाणें लागला. पुरंदरच्या तहानंतरच्या लढाईंत इंग्रजांनीं घेतलेले वसईसुद्धां सर्व किल्ले व मुलूख, तह पुरा झाल्यापासून दोन महिन्यांत पेशव्यांस परत द्यावे. साष्टी, घारापुरी, कारंजा आणि हॉग असें इंग्रजी नांव पडलेलें लहानसें बेट, हीं चार बेटें इंग्रजांकडे कायमचीं राहावीं. भडोच शहरावरील इंग्रजांचा हक्क पुरंदरच्या तहाप्रमाणें चालावा. मात्र भडोचजवळील तीन लाखांच्या मुलुखावरील हक्क त्यांनीं सोडावा. गायकवाडांनीं इंग्रजांस दिलेला मुलूख परत व्हावा. राघोबादादांस इंग्रजांनीं पुढें कसलीही मदत करूं नये. ते आपखुषीनें महादजी शिंद्यांकडे गेल्यास त्यांस दरमहा पंचवीस हजार रुपये मिळावे.

येथें एक चूक वारंवार आढळते तिचा उल्लेख करणें अवश्य आहे. सालबाईनंतर भडोच इंग्रजांकडे राहिलें असें शालेय पुस्तकांतून व कधीं कधीं थोर ग्रंथांतूनही लिहिलेलें असतें. तहाच्या कलमापुरतें तें खरें आहे. परंतु वडगांवच्या प्रसंगीं महादजींनीं दाखविलेली माणुसकी व ओलिसांस दिलेली चांगली वागणूक यांच्या मोबदल्यांत भडोच इंग्रजांनीं निराळ्या लेखानें महादजींस देऊन टाकलें. म्हणजे तें पेशव्यांस मिळालें नाहीं, पण इंग्रजांकडेही राहिलें नाहीं. केवळ सतरा कलमें वाचून थांबणाऱ्यास ही गोष्ट समजावयाची नाहीं.

मुलुखाच्या या कलमांची रचना चोख आहे. स्थळांचीं नांवें आहेत, मुदत आहे, रक्कम आहे, मागील तहाचा निर्देश आहे. कोणी कलम मोडलें तर तें मोडलें असें बोट ठेवून दाखवितां येईल. आणि तें दाखवावयास मध्यस्थ व जामीन म्हणून महादजी शिंदे उभे आहेत. पुणें दरबारची सारी दक्षता या कलमांवर खर्च झाली हें त्यांच्या घडणीवरूनच दिसतें.

(२)

आतां व्यापाराचीं कलमें. त्यांचा आशय असा. इंग्रजांस मराठी मुलुखांत व्यापाराच्या सवलती पूर्वीप्रमाणें असाव्यात, त्यांत कसलाही अडथळा होऊं नये. तसेंच पेशव्यांच्या प्रजेस इंग्रजांच्या मुलुखांत विनाअडथळा व्यापार करतां यावा. एका पक्षाच्या गलबतांनीं दुसऱ्याच्या गलबतांस समुद्रांत उपद्रव देऊं नये, आणि परस्परांच्या बंदरांत परस्परांच्या गलबतांस आश्रय मिळावा. आणि शेवटीं, पेशव्यांनीं स्वतःच्या व सर्व मराठा सरदारांच्या वतीनें असें कबूल केलें कीं, पोर्तुगीजांच्या आधींपासून असलेल्या वखारींखेरीज दुसऱ्या कोणत्याही युरोपीय राष्ट्राची वखार आपल्या मुलुखांत होऊं द्यावयाची नाहीं व अशा राष्ट्राशीं मैत्रीचें दळणवळण ठेवावयाचें नाहीं. उलट इंग्रजांनीं असें कबूल केलें कीं, पेशव्यांशीं वैर करणाऱ्या दक्षिणेंतील अथवा हिंदुस्थानांतील कोणत्याही सत्तेस आपण साहाय्य करणार नाहीं.

वरवर पाहतां यांत समता आहे. तुम्ही आमच्याकडे या, आम्ही तुमच्याकडे येतों. तुम्ही आमचीं गलबतें अडवूं नका, आम्ही तुमचीं अडवणार नाहीं. परंतु ‘पूर्वीप्रमाणें’ या शब्दाशीं वाचकानें थांबलें पाहिजे. पाणिनीचीं सूत्रें वाचणाऱ्यास अनुवृत्ति ठाऊक असते. सूत्रांत जो शब्द दिसत नाहीं तो मागील सूत्रांतून चालत येतो, आणि तो कोठून आला हें न पाहतां सूत्राचा अर्थ केला तर अर्थ चुकतो. तहांतील ‘पूर्वीप्रमाणें’ हा असाच शब्द आहे. त्याच्या पोटांत मागील शंभर वर्षांतले करार आहेत. तेव्हां हें पूर्वींचें म्हणजे काय, तें मागें जाऊन पाहूं.

१६७४ च्या जूनांत हेन्री ऑक्झेंडन रायगडीं आला व शिवाजी महाराजांशीं इंग्रजांचा करार झाला. राजापूरच्या लुटीची भरपाई, राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथें वखारी, आणि मालाच्या किंमतीवर शेंकडा अडीच जकात, हे त्यांतील मुख्य विषय. फुटून किनाऱ्यास लागलेलीं गलबतें मालकांस परत द्यावीं या इंग्रजांच्या मागणीस महाराजांनीं हरकत घेतली, ती कोंकणच्या वहिवाटीस सोडून आहे या कारणानें. नाण्याच्या कलमासही त्यांनीं सहज होकार दिला नाहीं. राज्याभिषेकाच्या धामधुमीचे ते दिवस होते. तरीही जकातीचा दर, वखारींचीं गांवें, नाणें व फुटकीं गलबतें यांचा एकेक करून विचार झाला. येथें सवलत आंकड्यांत व नांवांत बांधलेली आहे.

त्यानंतर १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं वसई घेतली. शेजारीं आलेल्या नव्या सत्तेशीं सलोखा करण्यासाठीं मुंबईकरांनीं कॅप्टन इंचबर्ड याला आप्पांकडे पाठविलें आणि त्या जुलईंत झालेल्या तहानें पेशव्यांच्या मुलुखांत इंग्रजांस व्यापाराची मोकळीक मिळाली. पुढें १७५६ च्या फेब्रुवारींत इंग्रजी आरमारानें विजयदुर्ग घेऊन तुळाजी आंग्र्यांचें आरमार जाळलें, व १२ ऑक्टोबर १७५६ रोजीं पुण्यास तह झाला. विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. त्याच्या मोबदल्यांत बाणकोट व भोंवतालचीं कांहीं गांवें इंग्रजांकडे गेलीं. आणि डच लोकांस पेशव्यांच्या मुलुखांत व्यापार करूं देऊं नये असें ठरलें. एक किल्ला घेतला, एक दिला, हें त्या तहाचें दिसणारें अंग. एका परक्या व्यापाऱ्याच्या सांगण्यावरून दुसऱ्या परक्या व्यापाऱ्यास आपल्या बाजारांतून काढणें हें त्याचें न दिसणारें अंग. नानासाहेबांच्या आरमारविषयक धोरणावर टीका करणारे ग्रंथकार आंग्र्यांच्या नाशावर पानेंच्या पानें लिहितात. डचांविषयींच्या त्या कलमावर मात्र फारसें कोणी लिहीत नाहीं.

हे तीन करार एकापुढें एक ठेवले म्हणजे सालबाईच्या ‘पूर्वीप्रमाणें’ चा अर्थ उलगडतो. १६७४ सालीं सवलत मोजलेली होती. १७३९ सालीं ती मोकळी झाली. १७५६ सालीं तिला दुसऱ्यांस वगळण्याची जोड मिळाली. १७८२ सालीं या सर्वांची बेरीज एका शब्दांत आली, आणि तींत जकातीचा दर किंवा बंदरांची संख्या यांपैकीं कांहींही लिहिलें गेलें नाहीं. पुण्याच्या मुत्सद्द्यास त्या शब्दावरून जुनी वहिवाट आठवेल. मुंबईच्या कौन्सिलास आपल्या सवलतींची सर्वांत पुढें गेलेली मर्यादा आठवेल. एकाच शब्दाचे दोन अर्थ निघत असतां ज्याच्या हातीं गलबतें व तोफा अधिक त्याचा अर्थ चालतो.

हें बोलणें तर्काचें आहे असें कोणी म्हणूं नये. १७१७ सालीं फर्रुखसियर बादशहानें बंगाल्यांत कंपनीस दिलेली जकातमाफीची सवलत अशीच होती. ती कंपनीच्या समुद्रमार्गी मालापुरती कीं तिच्या नोकरांच्या खाजगी देशी व्यापारासही लागू, या अर्थावरून नबाब व इंग्रज यांच्यांत पिढीभर तंटा चालला. शेवटीं १७६३ सालीं मीर कासीमनें सर्वांचीच जकात माफ करून इंग्रजांची सवलत निरर्थक केली. त्यांतून युद्ध झालें, १७६४ सालीं बक्सार झालें, आणि १७६५ सालीं बंगालची दिवाणी कंपनीकडे गेली. व्यापाराच्या सवलतीचा अर्थ मोकळा ठेवला तर काय होतें, याचें हें उदाहरण सालबाईच्या आधीं सतरा-अठरा वर्षांवर घडून गेलेलें होतें.

(३)

गलबतांचें कलम घेऊं. किनाऱ्यावरील सत्तेनें परक्या गलबतांस दस्तक घ्यावयास लावावें आणि बिनदस्तकाचें गलबत धरावें, ही पश्चिम किनाऱ्यावरची जुनी चाल होती. पोर्तुगीजांनीं ती चालविली, आंग्र्यांनीं चालविली. सालबाईच्या कलमानें इंग्रजी गलबतांपुरती ती बंद झाली. मोबदल्यांत पेशव्यांच्या गलबतांसही निर्वेध मार्ग मिळाला. परंतु मोजावयास गेलें तर एका बाजूस मुंबई, सुरत, मद्रास व कलकत्ता यांमधून फिरणारीं आणि चीन व विलायतेस जाणारीं जहाजें, तर दुसऱ्या बाजूस किनाऱ्यालगत चालणारीं गलबतें. सवलत समान, तिचा उपयोग असमान.

या कलमाची जाणीव आरमारापर्यंत किती पोंचली होती हें पुढच्या एका प्रसंगावरून दिसतें. प्रतींची अदलाबदल होऊन दोन महिने पुरे झाले नव्हते, तोंच ८ एप्रिल १७८३ रोजीं आनंदराव धुळप यांनीं रत्नागिरीच्या टापूंत इंग्रजांचें रेंजर नांवाचें जहाज लढून धरलें. आरमाराच्या शौर्याची गोष्ट म्हणून ती आम्ही अभिमानानें सांगतों, व ती तशी सांगण्यासारखी आहेही. परंतु तहाच्या दृष्टीनें पाहतां ती अशी गोष्ट आहे कीं, जो हक्क दरबारानें कागदावर सोडला होता तो आरमार अद्याप समुद्रांत बजावीत होतें. मुलूख सोडला तर त्या मुलुखाच्या कमाविसदारास हुकूम जातो व ठाणें उठतें. समुद्रावरील हक्क सोडला तर उठावयास ठाणें नसतें.

(४)

आतां सर्वांत महत्त्वाचें कलम, इतर युरोपियनांस वगळण्याचें. १७५६ सालीं डच एकटे वगळले होते. १७८२ सालीं पोर्तुगीजांखेरीज सर्व. तेव्हां केवळ वखारींचा प्रश्न होता. आतां मैत्रीच्या दळणवळणाचाही आहे. तेव्हां पेशवे स्वतःपुरते बोलले होते. आतां सर्व मराठा सरदारांच्या वतीनें बोलत आहेत. पुढें १८०२ च्या ३१ डिसेंबरास दुसरे बाजीराव यांनीं वसईचा तह केला, तेव्हां इंग्रजांचा शत्रु असलेल्या युरोपीय राष्ट्राचा मनुष्य चाकरीसही ठेवावयाचा नाहीं असें ठरलें. बाजार, वखार, मैत्री, चाकरी असा हा क्रम आहे. वसईच्या तहास स्वातंत्र्याचें मरणपत्र म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु त्या लेखाचीं पहिलीं दोन वाक्यें १७५६ व १७८२ सालीं, दरबार बलवान असतांना, लिहून झालेलीं होतीं.

मोबदल्याचाही विचार करावा. पेशव्यांनीं दिलेलें वचन सर्वकाळचें आहे. तें रोज पाळावयाचें आहे. इंग्रजांनीं दिलेलें वचन प्रसंगाचें आहे. पेशव्यांस शत्रु असेल आणि तो इंग्रजांकडे मदत मागेल तेव्हांच तें लागू व्हावयाचें. शिवाय इंग्रजांनीं दुसऱ्या कोणत्या हिंदी सत्तेशीं व्यापार करूं नये, असें कांहीं पेशव्यांनीं मागितलेलें नाहीं. वगळण्याची कल्पना एकाच पक्षाच्या डोक्यांत होती.

येथें पूर्वपक्ष प्रामाणिकपणें मांडला पाहिजे. कोणी म्हणेल: दुसरे युरोपियन म्हणजे त्या वेळीं कोण? फ्रेंचांचें पुदुच्चेरी १७७८ सालीं व माहे १७७९ सालीं इंग्रजांनीं घेतलें होतें. १७७७ सालीं पुण्यास आलेला सेंट लुबिन हा तर केवळ एक साहसी गृहस्थ. नानांनीं त्याला जवळ केला तो इंग्रजांस धाक घालण्यासाठीं. जी वखार नव्हतीच ती होऊं न देण्याचें वचन दिलें, त्यांत काय गेलें? शिवाय कलमानें राष्ट्रें वगळलीं, माणसें नव्हेत. १७८४ सालीं महादजींनीं सव्हॉयच्या डी बॉइनला चाकरीस ठेवून कवायती कंपू उभे केलेच. आणि इंग्रजांचें वचनही अगदींच निष्फळ नव्हतें. १७९५ सालीं खर्ड्याच्या प्रसंगीं ते निजामाच्या मदतीस आले नाहींत, त्या तटस्थतेचीं कारणें अनेक असलीं तरी तिचा फायदा पुण्यासच झाला.

हा पूर्वपक्ष बलवान आहे, आणि नानांवर किंवा महादजींवर दोषारोप करणाऱ्यांस तो पुरेसें उत्तर आहे. तह करणारा मनुष्य समोरचें संकट निवारतो. राघोबादादांचा प्रश्न दहा वर्षें राज्यास जाळीत होता. तो मिटला हें लहान फळ नव्हे. परंतु आमचा प्रश्न दोषाचा नाहीं, किंमतीचा आहे. १७८२ सालीं इंग्रज किती अडचणींत होते तें पाहावें. १७८० च्या सप्टेंबरांत हैदरानें कर्नल बेलीची फौज बुडविली होती. १७८१ च्या एप्रिलांत गॉडर्डला बोरघाटांतून मागें फिरावें लागलें होतें. त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत अमेरिकेंत यॉर्कटाउन येथें त्यांचें सैन्य शरण गेलें होतें. १७८२ सालीं सुफ्रें याचें फ्रेंच आरमार पूर्वकिनाऱ्यावर फिरत होतें. असल्या वेळीं फ्रेंचांचा पुण्याशीं संबंध न जडणें हेंच इंग्रजांस सर्वांत मोलाचें होतें. म्हणजे पेशव्यांच्या हातांतील सर्वांत मोलाची वस्तु जमीन नव्हती. दुसऱ्या गिऱ्हाइकास आणि दुसऱ्या मित्रास दार उघडें ठेवण्याची मोकळीक ही होती. ती दिली गेली, आणि तिच्या बदल्यांत स्वतंत्र असें कांहीं मागितलें गेलें नाहीं. तोफा ओतण्याची विद्या, जहाज बांधण्याची विद्या, अथवा जकातीचा ठरलेला दर, यांपैकीं एकही कलम तहांत नाहीं. नव्हती ती वखार दिली हें खरें. पण होऊं शकणारी वखार हीच सौद्यांतली नाणी होती.

(५)

परिणाम काय झाला? १७८४ सालीं इंग्लंडांत चहावरील जकात शेंकडा शंभराहून अधिक होती ती साडेबारावर आणली गेली. चहाची खरेदी वाढली, आणि ती भागविण्यासाठीं गुजराथचा कापूस मुंबईहून चीनला जाऊं लागला. या व्यापारांत मुंबईस साष्टीसारखा पाठीमागील मुलूख निर्वेध लाभला होता आणि पेशव्यांच्या किनाऱ्यावर तिला शह देणारी फ्रेंच किंवा डच वखार होऊं शकत नव्हती. १७८६ सालीं चार्ल्स मॅलेट रेसिडेंट म्हणून पुण्यास आला. इतर युरोपियनांच्या दरबाराशीं होणाऱ्या संबंधांवर नजर ठेवण्यास त्याच्या हातीं तहाचा आधार होता. १८०३ च्या ऑगस्टांत इंग्रजांनीं भडोच शिंद्यांकडून पुन्हां घेतलें, व त्या डिसेंबरांत सुर्जी-अंजनगांवच्या तहानें तें कायमचें गेलें. जें शहर १७८२ नंतर औदार्यानें देऊन टाकलें तें वीस वर्षांनीं परत घेतलें गेलें. परंतु व्यापाराचें जें कलम १७८२ सालीं मिळालें तें परत देण्याची वेळ इंग्रजांवर कधींच आली नाहीं. दिलेला मुलूख तलवारीनें परत मिळवितां येतो, या गोष्टीचीं उदाहरणें दोन्ही पक्षांकडे आहेत. दिलेली सवलत परत मिळविल्याचें उदाहरण आमच्या इतिहासांत शोधावें लागतें.

पोर्तुगीजांचा अपवाद येथें सांगण्यासारखा आहे. १७७९ च्या डिसेंबरांत पुणें दरबारानें त्यांच्याशीं तह करून सालीना बारा हजार रुपये उत्पन्न त्यांस देण्याचें कबूल केलें, आणि त्यापोटीं १७८३ व १७८५ च्या सनदांनीं नगरहवेलीचीं गांवें लावून दिलीं. हा केवळ महसूल दिला होता कीं राज्याधिकार, हा प्रश्न पुढें १९५५ सालीं हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयापुढें आला. मूळ लेखांचा आशय केवळ महसुलाचा होता, असा त्या न्यायालयानें निष्कर्ष काढला. तोंपर्यंत, १९५४ साल उजाडेतों, पोर्तुगीज तेथें धनी म्हणून राहिले होते. महसूल देण्याच्या एका सवलतीचा अर्थ एकशेंसत्तर वर्षें कसा वाढत गेला, आणि त्याचा निवाडा करण्यास शेवटीं जुन्या सनदांचीच भाषा तपासावी लागली, हें पाहिलें म्हणजे तहांतील एकेका शब्दाची चिकित्सा हा रिकामटेकड्यांचा उद्योग नव्हे अशी खात्री होते.

(६)

आतां साधनांविषयीं. मुलुखाच्या दृष्टीनेंच तह वाचण्याची संवय आम्हांस कां लागली, याचें उत्तर प्रसिद्ध साधनांच्या निवडींत आहे. ग्रँट डफचा ग्रंथ १८२६ सालीं निघाला, त्यानें लढाया व ठाणीं यांचा सांगाडा घालून दिला. पुढें राजवाडे, खरे, पारसनीस यांनीं जीं पत्रें छापलीं तीं बहुतांशीं राजकारणाचीं, कारण त्या वेळीं त्यांचीच निकड होती. सरदेसायांच्या देखरेखीखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दप्तरांतून निवडलेले पंचेचाळीस भाग निघाले. त्यांतही स्वारी, खलिता व वाटाघाट यांचाच मोठा भरणा आहे. वाडांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशींत जकात व व्यापार यांच्या नोंदी आहेत. त्या ऐतिहासिक वादांत जितक्या वापरल्या जावयास हव्या तितक्या वापरल्या जात नाहींत. एचिसनच्या तहसंग्रहांत कलमें आहेत, पण कलमांची अनुवृत्ति वाचकानें स्वतः लावावयाची आहे. या थोर पुरुषांच्या उपकारांखालीं आम्ही सर्व आहोंत. परंतु त्यांनीं जें छापलें त्यावरच सालबाईचा निकाल लावणें म्हणजे अर्धी साक्ष ऐकून निवाडा देणें होय.

उरलेली अर्धी साक्ष संग्राहकांच्या घरांत आहे. जुन्या वाड्यांतून रुमाल सुटतात तेव्हां शिक्क्याचें पत्र, थैलीची सनद, एखाद्या प्रसिद्ध पुरुषाची सही यांवर हात प्रथम जातो. जकातीचे ताळेबंद, बंदरांतील आवक-जावक, दस्तकांच्या नकला, सावकारी पेढीच्या हुंड्या व वह्या, गलबताच्या नाखव्याशीं झालेला हिशेब, हे कागद रद्दी म्हणून मागें पडतात. वाळवीस व भट्टीस तेच प्रथम जातात. सालबाईनंतरच्या वीस वर्षांत इंग्रजी मालावर कोणत्या नाक्यावर काय जकात बसली, पेशव्यांच्या प्रजेचें गलबत मुंबईस खरोखर निर्वेध लागलें कीं नाहीं, ‘पूर्वीप्रमाणें’ चा चालू अर्थ कोणी ठरविला, या प्रश्नांचीं उत्तरें त्या रद्दींतच मिळतील. ज्यांच्या संग्रहीं कल्याण, चौल, पनवेल, राजापूर किंवा घाटावरील नाक्यांचे १७८२ ते १८०२ या वीस वर्षांतले असे कागद असतील, त्यांनीं ते निदान यादी करून ठेवावे. यादींत कागदाचें साल, नाक्याचें नांव, मालाचें नांव व जकातीचा आंकडा एवढें उतरलें तरी काम होण्यासारखें आहे.

तोंपर्यंत सालबाईच्या तहाविषयीं आमचें मत असें राहील. मुलुखाच्या पक्षांत तो पुण्याच्या हिताचा होता, आणि त्याचें श्रेय नाना व महादजी या दोघांस द्यावयासच पाहिजे. व्यापाराच्या पक्षांत तो एकतर्फी होता, आणि समतेच्या शब्दांत लिहिलेला असल्यामुळें तो एकतर्फी आहे हें ओळखूं आलें नाहीं. पुढील संशोधकांनीं हें मत जकातीच्या कागदांवर घासून पाहावें. तेथें तें टिकलें नाहीं तर सोडून देण्यास आम्हांस संकोच वाटणार नाहीं.